मामानी आनी हयद

सगळं लग्न सुरळीत चाललं होतं आणि हळदीत येऊन माय मुकी झाली.

पडद्यावर, अर्थात. खरी माय तिकडे घरी गच्चीवर त्याच्या बायकोबरोबर, कमलबरोबर, ज्वारीच्या पापडांचे बिबडे वाळत घालत असणार, आणि तिची जीभ काही गप्प बसलेली नसणार. पण इथे जळगावच्या नवीपेठेतल्या या जिन्यावरच्या खोलीत, कूलरचं वारं पाठीवर घेत, कानाला हेडफोन लावून लग्नाची कॅसेट जुळवत बसलेल्या लीलाधरला, तिच्या मुलाला, मात्र ती गाता गाता मध्येच गप्प झालेली ऐकू आली. नवरीच्या, कुंदाच्या, पायांवर हळदीचे हात फिरत होते, मायचा जाडा, जरा घोगरा आवाज चढत होता, ‘कोनी आनी हयद व माय, कोनी आनी हयद, बाप तोतारामनी आनी हयद,’ पुढे ‘मामा’ एवढं म्हणाली, आणि कोणी विहिरीवर झाकण टाकावं तसा आवाज गेला. श्वासभर ठार शांतता. मग ‘आनी हयद’ म्हणून गाणं आपल्या वाटेनं पुढे, जसं काही झालंच नाही. लीलाधरनं कॅसेट मागे घेतली. पुन्हा ‘मामा’, पुन्हा झाकण. तो स्वतःशीच हसला, कारण असं काही झालं की हसायचं ही त्याची जुनी खोड. आत मात्र तो हसत नव्हता. कुंदानं सासरी धुळ्याला जाताना, गाडीत बसता बसता, डोळे पुसत त्याला एवढंच सांगितलं होतं. दागिने नाही मागितले, फोटोंचा मोठा अल्बम नाही मागितला. “दादा, मामीनं हयदनं गानं पुरं उतारजो. एक बी शबद सुटाले नको.” आई नसलेली पोर. तिची आई सुंदरबाई, म्हणजे लीलाधरची सख्खी फुई, आत्या, लग्नाच्या आदल्या दिवाळीलाच गेली होती. आईच्या जागी मामीनं हळद लावली, गाणं म्हटलं, आणि तेवढ्या गाण्यालाच भोकं पडलेली कॅसेट आपण तिच्या हातात ठेवायची? बहिणीला असं देतात होय?

तसा आवाज जाण्याचा आजार त्याला नवा नव्हता. वर्षभरापूर्वी दोन व्हीसीआर जोडून मिक्सिंग करायचे दिवस संपले आणि कॉम्प्युटर आला, तेव्हा जळगावात नवलाई होती. खालच्या कापडदुकानातले पुखराजशेठ पेढे घेऊन वर आले होते आणि मॉनिटरला हार घाला म्हणाले होते. पण हे नवं लेकरू भारी रुसकं निघालं. चित्रं जोडावीत, गाणी बसवावीत, गुलाबाच्या पाकळ्या उडवाव्यात, सगळं गुमान करायचं. पण तयार झालेलं लग्न शेवटी कॅसेटवर उतरवायला घेतलं की आवाजाच्या गुठळ्या व्हायच्या. मंगलाष्टकात ‘सावध’ गायब. जेवणाच्या पंगतीत एक व्याही तोंड उघडतो आणि मिटतो, मासोळीसारखा. कुंदाच्या लग्नात तर पहिल्या प्रतीत ठिकठिकाणी भोकं. लीलाधरनं काय काय नाही केलं. व्हीसीआरचे हेड स्पिरिटनं पुसले, वायरी बदलल्या, हार्डडिस्क आवरून घेतली, सुरतच्या एका ओळखीच्याला फोन लावला तर त्यानं शांतपणे सांगितलं की नवा घे. कूलर बंद करून पाहिला. मे महिन्यात जळगावात कूलर बंद करणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच विचारावं. शेवटी दोष सापडला तो असा की कपाळाला हात लावावा. कॅसेट उतरत असताना आपला धक्का नको, म्हणून हा गडी माऊसला हातही न लावता, देवापुढे बसावं तसा हात जोडून बसायचा. कोणी काही हलवत नाही म्हटल्यावर कॉम्प्युटरला वाटायचं मालक झोपला, आणि पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे ते रंगीत मासे पोहायला यायचे. मासे पोहायला लागले की यंत्राचा जीव तिकडे, आणि आवाज इकडे वाऱ्यावर. भक्तीच नडली! त्यानं मासे बंद केले, आणि सगळं लग्न घडाघडा बोलायला लागलं. व्याही बोलला, भटजी सावध झाले. फक्त माय नाही बोलली.

तिथेच त्याला खरी काळजी लागली. रेडिओ-दुरुस्तीपासून या धंद्यात मुरलेला माणूस तो, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: फिरता दोष यंत्राचा, बसलेला दोष मालाचा. दर वेळी वेगळ्या जागी आवाज गेला तर मशीन उघडावं. त्याच जागी गेला तर मशीनला शिव्या देऊन उपयोग नाही. हे भोक त्याच जागी होतं. पायांच्या हळदीला ‘मामा’नंतर, गुडघ्यांच्या हळदीला ‘मामा’नंतर, खांद्यांच्या, माथ्याच्या. मामा म्हणजे कुंदाचा मामा. म्हणजे आबा, लीलाधरचा बाप, उखर्डू. बरोबर बापाच्या नावावर आवाज जात होता. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

हे गाणं त्याला पाठ होतं. बाया हळदीला बसल्या की पोरांना हाकलायच्या, पण तो मोठ्या कणगीमागे दडून ऐकायचा. गावातली कोणतीही नवरी असो, गावकीच्या नात्यानं तिचे सगळे मामा-काका ओवायचे त्या गाण्यात बापाचंही नाव यायचं याचं त्याला केवढं अप्रूप वाटायचं! एरवी ते नाव म्हणजे शाळेत चेष्टेचा विषय. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीनं बापाला जन्मल्या जन्मल्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलून आणला. उकिरड्यावरचं कोणाला हवंय, काळही तोंड फिरवून जाईल, असा हिशेब. म्हणून उखर्डू. मास्तर हजेरी घेताना बापाचं नाव वाचायचे आणि मागची बाकं फिदीफिदी हसायची. पण हळदीच्या गाण्यात तेच नाव असं ठसक्यात, असं लाडात यायचं, ‘मामा उखर्डूनी आनी हयद’, की कणगीमागच्या पोराची छाती फुगायची. मायच्याच आवाजात यायचं ते. शपथेवर सांगितलं असतं त्यानं. मायचा आवाज चढायचा, ‘मामा’ यायचं, ‘उखर्डू’ यायचं, कुठे खंड नाही, कुठे जोड नाही.

मग आता का नाही? आणि हा प्रश्न मनात आला तसा त्याच्या मागून दुसरा आला, जो गेले काही महिने घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात दबा धरून बसला होता आणि ज्याच्याकडे तो बघायचं टाळत होता. माय विसरायला लागली होती. फुई गेल्यावर त्यानं आईबापांना गावाहून, धरणगावच्या अलीकडून, जळगावला आणलं. गावात आता कोण आहे तुम्हाला, म्हणाला. आणल्यापासून माय बोलता बोलता मध्येच थांबायची. “भरीतले वांगं भाजं, पन त्यामा…” आणि थांबायची. वाक्य तसंच लोंबकळत. कमल वाट बघायची, मग आपणच म्हणायची, “त्यात काय आई, मिरची कमी?” तर माय तिच्याकडे अशी बघायची की ही कोण बाई. कधी कमललाच “सुंदर” म्हणून हाक मारायची. एकदा भाजीत मीठच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, मीठ मी कधी घातलंय का? तेव्हा कमल स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, एकदा डॉक्टरला दाखवू या. लीलाधर तिच्यावर उखडला. उखडला, कारण त्याच्याही मनात तेच होतं. गावातल्या एका म्हातारीचं त्यानं पाहिलं होतं; आधी शब्द गेले, मग माणसं गेली, शेवटी आरशातल्या बाईला ती उठून पाट द्यायची.

पण बापाचं नाव? इतक्या वर्षांच्या संसारात, सगळं सोडून, नवऱ्याचंच नाव विसरावं? तेही भाचीच्या हळदीत, चारचौघींत? आणि शूट करताना आपल्याला कसं कळलं नाही? तर शूटिंग करणाऱ्याला कान नसतात. मांडवामागे जनरेटर घरघरत होता, बाहेर बँडवाले ताशा तापवत होते, त्याचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, आणि कॅमेरा कुंदाच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या पायांवर. मायचं तोंड पदराआड. ओठ दिसले असते तर तेवढाही आधार झाला असता.

त्यानं कपाट उघडून मूळ कॅसेट काढली, कॅमेऱ्यातली. कॉम्प्युटरला न विचारता थेट कॅमेऱ्यातच लावली, आणि हेडफोन इतका दाबून धरला की कान दुखला. जनरेटरची घरघर आली. ती त्यानं कॉम्प्युटरवर फिल्टर लावून कापली होती, माणसाचा आवाज नसेल तिथे सगळंच बंद करणारा फिल्टर, मोठ्या कौतुकानं विकत घेतलेला. गाणं आलं. ‘मामा’ आलं. आणि मग झाकण पडलं नाही. घरघर चालूच राहिली, कोणाचं पोर खोकलं, आणि त्या सगळ्याच्या पुढे, अगदी माईकजवळ, बांगड्या वाजल्या. मायच्या हातातल्या, लग्नासाठी नव्या भरलेल्या काचेच्या बांगड्या; ‘मामा’ म्हणून झाल्यावर हात जरासा उचलला जायचा आणि त्या मनगटावर सरकायच्या, खळ्ळ. मग ‘आनी हयद’. म्हणजे माईक जिवंत होता. टेप धडधाकट होती. आवाज गेलाच नव्हता. फिल्टरनं बांगड्यांनाही घरघरीत जमा धरून कापलं होतं, म्हणून ते मुकेपण एवढं ठार वाटत होतं. एखाद्या मेकॅनिकनं खूश व्हावं अशी ही गोष्ट. दोष सापडला, दोष नव्हताच. पण लीलाधर खूश झाला नाही, कारण यंत्र सुटलं आणि आता माय तेवढी उरली.

दुसऱ्या दिवशी बिबड्यांचं पीठ शिजवून झाल्यावर त्यानं मायला स्कूटरवर बसवलं. कशाला, कुठे, काही सांगितलं नाही. गानं ऐकाडस तुले, एवढंच. ती एका अंगावर बसून त्याच्या खांद्याला धरून आली, वाटेत केळीच्या गाड्या बघून भाव विचारत आली, जिना चढताना दोनदा थांबली आणि पुखराजशेठच्या दुकानातल्या लुगड्यांना नावं ठेवली. ही बाई विसरतेय? पण विसरणारी माणसं अशीच असतात म्हणे, जुनं सगळं लख्ख, आणि हातातलं तेवढं निसटतं. त्यानं तिला आपल्या खुर्चीत बसवलं. हेडफोन नको म्हणाली, कान बांधल्यासारखे वाटतात. म्हणून स्पीकर लावले. पडद्यावर कुंदाचे पाय आले आणि मायचा चेहरा असा फुलला की त्याला तिथेच सगळं बंद करावंसं वाटलं. न कळलेलं बरं. आपण भोकावर सनई घालू, बँड घालू, कुंदाला काय कळणार आहे? पण गाणं ‘मामा’पर्यंत आलंच. बांगड्या वाजल्या. पुढे गेलं. लीलाधर गाणं ऐकत नव्हता, मायकडे बघत होता. आणि त्याला दिसलं की त्या मोकळ्या जागेत माय बावरली नाही, चुकल्यासारखी झाली नाही. तिनं फक्त मान जराशी डावीकडे वळवली, शेजारी कोणी बसलंय असं धरून, आणि थांबली. मग पडद्यावरची आणि खुर्चीतली अशा दोघीही मिळून ‘आनी हयद’ म्हणाल्या.

त्यानं कॅसेट थांबवली. डॉक्टरसमोर पेशंटच्या मुलानं विचारावं तसं, उत्तर नको असताना विचारलं, “माय, आठे तुना आवाज का बरं बंद व्हयना?”

मायनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. एवढा घोडा झाला, दोन लेकरांचा बाप, आणि हे विचारतो? मग तिला हसू आलं, पदर तोंडाला लावला, आणि नव्या नवरीसारखी लाजली की काय असं त्याला वाटलं.

“तठे मी कशी म्हनसु?” ती म्हणाली. “ती जागा सुंदरनी शे.”

बस. एवढंच म्हणाली, आणि पुढे लाव म्हणाली, पुढे माथ्याची हळद आहे. पण लीलाधरचा हात बटणापर्यंत जाईना. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण माहीत असणं वेगळं. घरात कमल त्याला खुशाल “लीलाधर, गॅस आणा” म्हणते. लग्नाच्या शूटिंगमध्ये नवऱ्या मुली माईक हातात घेऊन खणखणीत नावं घेतात. ही गोष्ट त्याच्या डोक्यातून कधी गळून पडली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आणि गाण्यात तर नाव होतं! होतंच. पण ते मायचं नव्हतं. ‘मामा’पर्यंत माय, ‘उखर्डू’ तेवढं फुईचं, कारण फुईचा तो सख्खा भाऊ, तिला कसली आडकाठी. पुढे परत माय. आणि ‘तोताराम’ यायचा तेव्हा उलट, फुई गप्प, कारण तोताराम तिचा नवरा, आणि त्याचं नाव मायनं उचलायचं. दोघी शेजारी शेजारी बसून एकमेकींच्या नवऱ्यांची नावं एकमेकींसाठी म्हणत होत्या, जन्मभर, गावातल्या प्रत्येक हळदीला, आणि कणगीमागच्या पोराला वाटायचं एकच बाई गातेय. हा मिक्सिंगवाला! दोन आवाज असे जोडायचे की जोड कळू नये, एवढ्यासाठी यानं मशीनं घेतली, सुरतेला फोन लावले. आणि ते जिथे झालं होतं तिथेच तो फसला.

मग त्याला भरीत आठवलं, आणि मीठ आठवलं. मीठ मी कधी घातलंय का? नसेलच घातलं. माय फोडणी द्यायची आणि मीठ फुई घालायची. एका गल्लीच्या अंतरावर राहणाऱ्या त्या दोन बायांची अर्धी चूल अशीच सामाईक होती. “त्यामा…” म्हणून माय थांबायची ती विसरून नव्हे. तिची अर्धी वाक्यं फुईकडे असायची. इतकी वर्षं बोलताना ती आपला अर्धा भाग बोलायची आणि उरलेल्यासाठी जागा सोडायची. आता जागा सोडते आणि तिथे कोणी येत नाही. आणि मी तिला गावाहून उचलून इथे आणलं, गावात कोण आहे तुम्हाला, म्हणालो. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. माय विसरली नाही या आनंदाचं ते होतं, की फुई गेली हे त्याला खरोखर आज कळलं, याचं होतं, कोण जाणे. दोन्हीचं असेल. माय म्हणाली, धूळ फार शे तुना दुकानमा, आणि त्याला आपला पदर दिला.

फुईचा आवाज कुठे टिपलेला असता तर त्यानं आणून बसवला असता, पण नव्हता. फुईला माईक दिसला की हसू यायचं आणि ती पळून जायची. मायला विचारावं, एकदाच म्हण ना, फक्त कुंदासाठी? तो मोह त्याला झाला. त्यानं विचारलं नाही. दुसऱ्याच्या जागेवर बसायला लावण्यासारखं झालं असतं ते. माय घरी गेल्यावर त्यानं एवढंच केलं, हळदीपुरता तो फिल्टर काढून टाकला. जनरेटरची घरघर परत आली तर येऊ दे. पोर खोकलं तर खोकू दे. बांगड्या परत आल्या. मासे बंद आहेत ना हे पाहून घेतलं, आणि कॅसेट उतरवायला लावून तो या वेळी हात न जोडता, आरामात, चहा पीत बसला. पण मनात धाकधूक होतीच. कुंदा म्हणाली होती, एकही शब्द सुटायला नको. शब्द तर सुटलेलाच होता.

कुंदा आली ती पुढच्या आठवड्यात, माहेरपणाला. फुवा, म्हणजे तोताराम, तिला धुळ्याहून एसटीनं घेऊन आले, आणि गावी जायच्या आधी जळगावला उतरून मामांकडे जेवायला थांबले. भरीत, कळण्याची भाकरी, नवे बिबडे. जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीपुढे बसले. आबा मात्र नाही. आबांना टीव्ही सोसत नाही. त्यांचे कान गेल्यात जमा. फोनची घंटा वाजो की गल्लीत बँड वाजो, ते ओट्यावर खाट टाकून आडवे. त्यांना हाक मारायची म्हणजे कमलला बाहेर जाऊन खांदा हलवावा लागतो. मायची गोष्ट निराळी. माय हाक मारतच नाही, मारणार तरी कुठल्या नावानं? उंबऱ्यापाशी येते, हात जरासा हलवते, आणि आबा कूस बदलतात. ते कसं काय चालतं याचा लीलाधरनं आजवर कधी विचार केला नव्हता.

हळद आली. कुंदा पुढे सरकून बसली, गुडघ्यांना मिठी घालून. “बाप तोतारामनी आनी हयद,” माय गायली, आणि फुवांनी उगाच चष्मा काढून पुसला. त्यांनाही या ओळीत आपल्या बायकोचं गप्प बसणं ऐकू आलं असेल. मग ‘मामा’. लीलाधर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला, कुंदाकडे बघवेना. मोकळी जागा आली, घरघर आली, आणि बांगड्या वाजल्या, स्वच्छ, मोठ्या, खळ्ळ.

“ओ… काय व?” ओट्यावरून आबा म्हणाले.

पडद्यावर गाणं पुढे गेलं होतं, ‘आनी हयद’. बाहेर खाट करकरली. म्हातारा कोपरावर रेलून उठला होता आणि आता दाराकडे बघून वाट बघत होता, कारण बायकोनं त्याला हाक मारली होती, नाव घेऊन, जशी ती लग्न झाल्यापासून मारत आली होती. कुंदानं वळून मामीकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी रडायला निघाला आणि मध्येच हसायला लागला, आणि तिनं मामीच्या मांडीवर डोकं ठेवून दिलं. मायनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मान जराशी डावीकडे वळवली, क्षणभर थांबली, आणि या वेळी आपलं वाक्य आपणच पुरं केलं.

“काही नही,” ती दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाली. “कुंदाले हयद लागी ऱ्हायनी.”